आधी वही, मग लिफ्ट

"जेवढं विचारतील तेवढंच बोलायचं," मामा तिसऱ्यांदा म्हणाले. "हो, नाही तर नाही. तिसरा शब्द तोंडातून बाहेर पडता कामा नये."

मिस्त्री आरशासमोर मान वर करून उभा होता आणि बायको त्याचा टाय बांधत होती. मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचा. परक्या देशात येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्याने हजारेक लिफ्टच्या पोटात डोकं घातलं असेल, पण टायच्या गाठीत गळा आज पहिल्यांदाच घालत होता. मामा हे बायकोचे मामा. त्यांना पाच वर्षांपूर्वी इथलं नागरिकत्व मिळालं होतं, तेव्हापासून ते या विषयात सल्ला द्यायचे आणि कुणी मागायची वाट बघायचे नाहीत.

"जावईबापू, ऐकताय ना?"

"हो."

"शाब्बास. अस्संच."

आजच्या मुलाखतीवर सगळं अडलं होतं. मिस्त्रीची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मायदेशात एकटी राहायची आणि यंदा दोनदा न्हाणीघरात पडली होती. आईवडिलांना कायमचं इकडे आणायचं तर मुलगा नागरिक हवा, असा इथला कायदा. म्हणून मिस्त्रीने वर्षभर पाठांतर केलं होतं. या देशातल्या नद्या त्याला उगमापासून मुखापर्यंत पाठ होत्या. बायकोने आतल्या खोलीत आईचा पलंगही लावून ठेवला होता, आणि त्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग पडला की ती स्वतःवरच चिडायची.

मुलाखत घेणाऱ्या अधिकारी बाई शांत आणि सभ्य होत्या. त्यांनी नद्या विचारल्या. मिस्त्रीने सगळ्या सांगितल्या, शिवाय दोन अशा सांगितल्या की बाईंना संगणकावर बघून खात्री करावी लागली. मग त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "या देशात तुम्ही कधी मतदान केलंय?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. त्यावर तीन वर्षांपूर्वीच्या मतदान केंद्रावरच्या एका वहीचं पान होतं. वरती लिहिलं होतं, 'यादीत नाव नसलेले, आयत्या वेळी नोंदवलेले मतदार'. खाली सातव्या ओळीवर मिस्त्रीचं नाव, पत्ता, वेळ साडेदहा, आणि सही. सही त्याचीच होती, शेवटी दोन रेघा ओढलेली.

मिस्त्रीला क्षणभर काही कळेना. मग कळलं.

त्याचं असं होतं. मिस्त्रीला ज्याने काम शिकवलं, त्या उस्तादाने पहिल्याच दिवशी एक नियम त्याच्या मनात कोरून ठेवला होता. आधी वही, मग लिफ्ट. कुठल्याही इमारतीत शिरलास की तळमजल्यावर जी वही असेल तिच्यात नाव, पत्ता, वेळ लिही, सही कर, मगच दाराला हात लाव. वरून खाली पायांनी आलास तर बरंच, पण दुसऱ्या रीतीने आलास तर लोकांना निदान कुणाला कळवायचं ते कळलं पाहिजे. मिस्त्रीच्या हाताला हे इतकं भिनलं होतं की एकदा तो मेव्हणीच्या लग्नाला गेला आणि दारातल्या आहेराच्या वहीत वेळ घालून सही करून आला.

"मॅडम, मी लिफ्टसाठी गेलो होतो तिथं," मिस्त्री म्हणाला, आणि मामांचा तिसरा शब्द तिथेच ओलांडला गेला. एकदा ओलांडल्यावर तो थांबेना. "मी रस्त्यानं चाललो होतो. अंगात कामाचा डगला होता, पाठीवर लिफ्टचं चित्र. लोक ओरडले, अहो लिफ्टवाले, वर एक म्हाताऱ्या बाई अडकल्यात, त्यांचा कुत्रा पण अडकलाय! मी धावलो. तळमजल्यावर मतदान चाललंय हे मला कुठं ठाऊक! दारात टेबल, टेबलावर वही. तिथला माणूस म्हणाला, यादीत नाव नाही ना तुमचं? मी म्हटलं, माझं कुठून असणार, मी तर आत्ता येतोय. तो म्हणाला, मग इथं लिहा. मी लिहिलं."

"ओळखपत्र नाही विचारलं?"

"विचारलं ना. मी गळ्यातलं कंपनीचं दाखवलं. वर बाई किंचाळत होत्या, खाली रांग खोळंबली होती, त्यानं फोटो बघितला आणि जा म्हणाला."

"आणि मतपत्रिका दिली."

"एक घडी घातलेला कागद दिला. मला वाटलं इमारतीचे नियम असतील. मी खिशात टाकला."

बाईंची बोटं टंकायची थांबली. "म्हणजे तुम्ही मत दिलं नाहीत?"

"नाही हो मॅडम! देवाशपथ नाही!" मिस्त्रीला वाटलं, सुटलो.

"मग त्या मतपत्रिकेचं काय केलंत? त्या केंद्रावर एक मतपत्रिका कमी भरली होती. फेरमोजणी झाली होती."

इथे मामा असते तर त्यांनी टेबलाखालून लाथ घातली असती. पण मिस्त्री आईच्या संस्कारात वाढलेला, खरं बोलायला भीती कसली म्हणणारा. "बाईंना बाहेर काढलं, कुत्र्याला काढलं, हात ग्रीसनं काळेकुट्ट झाले होते, फडकं नव्हतं," तो म्हणाला. "हात पुसले."

बाईंनी संगणकावर एक कलम शोधून काढलं.

"मतपत्रिका नष्ट करणे," बाई हळूच म्हणाल्या, जणू त्यांनाही वाईट वाटत होतं. "हे कलम वेगळं आहे. बेकायदा मतदानापेक्षा मोठं."

"मग मत दिलं असं लिहा, मॅडम."

"म्हणजे मघाशी तुम्ही खोटं बोललात?"

मिस्त्रीने टाय सैल केला. बाई खरंच सभ्य होत्या. त्या म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही तिथे लिफ्टच्याच कामाला गेला होता याचा पुरावा आणा, दहा दिवसांची मुदत देते. मिस्त्री आनंदाने म्हणाला, पुरावा आहे की! कंपनीत रोजचं कामाचं कार्ड असतं, आम्ही सही करून देतो. बाईंनी तेवढं लिहून घेतलं.

कंपनीच्या जिन्यावरच मिस्त्रीला त्या कार्डावर काय लिहिलंय ते आठवलं, आणि तो तिथेच पायरीवर बसला. ती इमारत कंपनीची गिऱ्हाईकच नव्हती. तिथे गेलेला पाऊण तास कुठे दाखवायचा म्हणून फोरमनने सांगितलं होतं, शाळेच्या लिफ्टला तेल घातलं असं लिही. मिस्त्रीने लिहिलं होतं. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती.

फोरमनने कार्ड काढून दाखवलं. "हे बघ. साडेदहा ते सव्वाअकरा, शाळा. खाली तुझी सही."

"साहेब, तुम्हीच सांगितलं होतं तसं लिहायला."

"मी सांगितलं असं कुठं लिहिलंय?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मिस्त्री घरी आला तर मामा येऊन बसले होते. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला, पण लगेच सावरले. "कार्ड द्यायचंच नाही. साक्षीदार आणा. ज्या बाईंना काढलंत त्यांना गाठा. अहो, जीव वाचवलात तुम्ही त्यांचा!"

सल्ला चांगला होता. मिस्त्री रजा टाकून त्या इमारतीत गेला, सवयीने दारातल्या वहीकडे वळलेला हात त्याने दुसऱ्या हाताने धरला आणि चौथा मजला पायऱ्यांनी चढला. दार बाईंच्या सुनेने उघडलं. सासूबाई गेल्या हिवाळ्यातच वारल्या होत्या. फार आठवण काढायच्या हो तुमची, सून म्हणाली, डगलेवाला देवासारखा आला म्हणायच्या. कुत्रा मात्र होता. त्याने मिस्त्रीला ओळखलं, शेपूट हलवली, बूट चाटले. त्याच्या लेखी काही शंकाच नव्हती, पण ते लिहून देण्याची सोय नव्हती.

तोवर कार्यालयाने कार्ड कंपनीकडून परस्पर मागवून घेतलं होतं. दुसऱ्या भेटीत अधिकारी बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"या सहीप्रमाणे साडेदहाला तुम्ही शाळेत. या सहीप्रमाणे साडेदहाला मतदान केंद्रात. दोन्ही सह्या तुमच्याच?"

"हो." मिस्त्री आता एकेका शब्दावर आला होता, पण उशिरा.

"मग खोटी कुठली?"

"कार्डावरची."

"म्हणजे तुम्ही खोटी कागदपत्रं करता."

तीन आठवड्यांनी निकाल आला. अर्ज नामंजूर. सात वर्षांनी चांगल्या वर्तणुकीचा दाखला जोडून पुन्हा अर्ज करता येईल. बायकोने बोटांवर हिशेब केला, अठ्ठ्याहत्तर आणि सात, आणि बोटं मिटून ती स्वयंपाकघरात गेली. मिस्त्री आतल्या खोलीत गेला आणि आईच्या पलंगाच्या कडेवर बसून ढसाढसा रडला. एक म्हातारी बाई हवेत लटकत होती म्हणून तो धावला होता, बाकी काही नाही. आता त्याची स्वतःची म्हातारी तिकडे लटकत राहणार होती, आणि तिला काढायला कुठलंही दार उघडत नव्हतं. आईला काय सांगायचं ते न सुचल्यामुळे त्याने काहीच सांगितलं नाही. फोनवर ती विचारायची, तो म्हणायचा, चालू आहे. ती म्हणायची, सरकारी काम, वेळ लागणारच.

मग एका शनिवारी दुसऱ्याच खात्याचं पत्र आलं. हे निवडणूक खातं. गेल्या महिन्यात इथे निवडणूक झाली होती आणि मिस्त्री त्या दिवशी रस्ता बदलून, मतदान केंद्राच्या सावलीलाही न जाता कामावर गेला होता. पत्रात म्हटलं होतं, तीन वर्षांपूर्वीच्या नोंदीनुसार आपलं नाव मतदार यादीत असूनही आपण मत दिलं नाहीत. मतदान हे नागरिकाचं बंधनकारक कर्तव्य आहे. पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा, नाही तर कारवाई होईल.

सोमवारी सकाळी मिस्त्री ते पत्र घेऊन अधिकारी बाईंच्या दारात हजर झाला. बाईंनी दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला.

"तुम्ही त्यांना कळवा की तुम्ही नागरिक नाही."

"मी कळवून कोण ऐकणार मॅडम? माझ्या सहीची काय किंमत राहिलीय? तुम्हीच एक दाखला द्या. हा इसम नागरिक नाही, एवढंच."

"तसा दाखला आम्ही देत नाही."

"का?"

बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं, पान शोधलं, वाचलं, आणि अवघडून म्हणाल्या, "दाखले फक्त नागरिकांना मिळतात."

मिस्त्री हसला. आनंदाचं हसू नव्हतं ते, पण बाईही हसल्या.

घरी मामा खुलाशाचा मसुदा करायला बसले. "आजारी होतो असं लिहा," ते म्हणाले. बायको म्हणाली, "म्हणजे बरे असते तर दिलं असतं, असं होतं ना ते! पुन्हा गुन्हाच." मामांनी लिहिलेलं खोडलं. खरं लिहावं तर जुनं प्रकरण उकरलं जाणार, खोटं लिहावं तर नवं उभं राहणार, आणि काहीच न लिहावं तर पंधरा दिवस संपणार. तिघंही टेबलावरच्या त्या कागदाकडे बघत बसले.

एवढ्यात आईचा फोन आला. मिस्त्रीने तो टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

"आवाज का रे असा? सरकारकडून काही आलं का?"

आज तिच्याशी खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. सगळं सांगून टाकावं, एकदाचं मन मोकळं करावं, असं त्याला वाटलं. "आलंय आई, पत्र आलंय," तो म्हणाला. "वाचतो. नीट ऐक."

"वाच बाबा."

त्याने घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. "प्रिय नागरिक—"

पलीकडून एक हुंदका आला, आणि मग आईचा इतका मोठा आवाज, की मामा दचकले. ती फोन हातात तसाच धरून शेजारणीला हाक मारत होती. "अगं ऐकलंस का? झाला! नागरिक झाला माझा मुलगा! सरकारनं स्वतः लिहिलंय, प्रिय म्हणून लिहिलंय!"

"आई, अगं पुढचं ऐक—"

"पुढचं काय ऐकायचं, पुढं अभिनंदनच असणार! तू आधी हे सांग, तिकडं थंडी किती असते? दोन स्वेटर पुरतील का तीन घेऊ?"

मिस्त्रीने मामांकडे बघितलं. मामांनी मान खाली घातली. बायको तोंडाला पदर लावून आतल्या खोलीकडे बघत होती.

"तीन घे," मिस्त्री म्हणाला.