मागच्या खोलीतली वाघळं

“अवो, उठा. पडद्याच्या दांडयेक काय तरी लटाकता.”

दुपारचे पावणेतीन वाजले होते आणि सत्यवान आपल्या खाटेवर होता. डोळे न उघडता तो म्हणाला, “कपडो आसतलो.”

“कपड्याक कान नसतत,” किशोरी म्हणाली.

सत्यवान उठला. आता हे उठणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. तोंडवलीहून ओरोसच्या कचेरीत या माणसाने तेहतीस वर्षं एसटीने ये-जा केली होती. सकाळची गाडी चुकू नये म्हणून त्याने तेहतीस वर्षं अर्धवट झोपेत दाढी केली होती. मे महिन्यात तो निवृत्त झाला, तेव्हा निरोपसमारंभात सगळ्यांनी विचारलं, “आता पुढे काय करणार?” तो म्हणाला, “झोपणार.” लोक खो खो हसले. सत्यवान मात्र अगदी मनापासून बोलला होता. पश्चिमेच्या खोलीत, खिडकीखाली, सुरूच्या बनातून येणाऱ्या वाऱ्यात त्याची खाट होती. या जगात त्याला दुसरं काही नको होतं. बायकोने खाट सोडून काहीही मागावं, तो नाही म्हणाला नसता.

किशोरीचं तसं नव्हतं. आपल्या घरात पाहुण्यांसाठी एक खोली करायची, तिची सरकारी नोंदणी करायची, दारावर पाटी लावायची, हे तिने दोन वर्षांपासून मनात घेतलं होतं. पश्चिमेच्या खोलीत खाट होती, त्यामुळे तो विषयच नव्हता. राहिली मागची खोली, फणसाच्या बाजूची. तिथे नव्या लाद्या बसल्या, नवं न्हाणीघर झालं, आणि जुन्या नळ्यांचं कौलारू छप्पर दिसू नये म्हणून खालून पांढरंशुभ्र पीव्हीसीचं सीलिंग ठोकलं. ते ठोकलं बाबली मेस्त्रीने. एका कडेला त्याने चार बोटं फट ठेवली. का, असं विचारल्यावर तो म्हणाला होता, “हवा खेळाक.”

त्या फटीतून हवा खेळत होती की नाही देव जाणे, वटवाघळं मात्र खेळत होती. पहिलं पडद्याच्या दांडीला उलटं लटकलं होतं. खाली नव्या चादरीवर मोहरीएवढ्या काळ्या लेंड्या पडल्या होत्या.

“आठ दिसांनी ओरोसचे सायब येतले तपासणीक,” किशोरी म्हणाली. “आता काय दाखवू मी तेंका? ह्या?”

सत्यवानने केरसुणी उचलली. वटवाघूळ उडालं. खोलीभर गिरक्या घेताना ते सहा वेळा त्याच्या डोक्यावरून गेलं आणि सहाही वेळा सत्यवान खाली बसला. सातव्या वेळी तो बसला तो उठलाच नाही. त्याने चादर डोक्यावरून ओढून घेतली. केरसुणीच्या फटक्याने नवा दिवा तेवढा फुटला. वटवाघूळ शांतपणे फटीतून वर गेलं.

बाबलीला बोलावलं. त्याने शिडीवर चढून बॅटरी मारली आणि फटीत डोकं घातलं.

“काय रे, गेला काय ता?” सत्यवानने खालून विचारलं.

“ह्या एक नाय, काका. हंय अख्खी वाडी वसलीहा. बावीसपर्यंत मोजलंय, मगे एक हालला नि माझी मोजणी चुकली.”

“मेल्या, फट कोणी ठेवलेली?”

“ती हवेसाठी होती. तेंका कोणी सांगला येवक?”

बाबलीचा पहिला इलाज धुराचा. नारळाची सोडणं पेटवून घमेलं खोलीत ठेवायचं, दार लावून घ्यायचं, बास. सत्यवानला पडल्या पडल्या करता येण्यासारखा हा इलाज वाटला, म्हणून त्याने लगेच मान डोलावली. अर्ध्या तासात नळ्यांतून असा काही धूर उसळला की शेजारची नर्मदाकाकी “आग लागली गो, किशोरी!” म्हणत कळशी घेऊन धावत आली. तिने दार उघडलं आणि कोणी काही सांगायच्या आत कळशी रिकामी केली. घमेलं कोपऱ्यात होतं. पाणी नव्या गादीवर पडलं. मग तिनेच कमरेवर हात ठेवून विचारलं, “काय जळला?” काही जळलं नव्हतं. वटवाघळं जागची हलली नव्हती. सत्यवान मात्र दोन दिवस खोकत होता, आणि खोकत झोपता येत नाही, हे ज्याने करून पाहिलंय त्यालाच कळेल.

दुसरा इलाज उजेडाचा. “उजेडात वाघूळ रवणा नाय,” बाबली म्हणाला. “मोबाईलवर वाचलंय.” त्याने कुठल्याशा मांडवाचा हॅलोजन आणून सीलिंगच्या तोंडावर रोखला. दिवस पाऊस सरतानाचे, भातं पिवळी व्हायला आलेली. तिन्हीसांजेला तो हॅलोजन लागला आणि तोंडवलीतला एकूण एक किडा, पाखरू, पतंग मागच्या खोलीत हजर झाला. ही वटवाघळं किडे खाणारी. आजवर बिचारी पोटासाठी शेताशेतांतून हिंडत होती; आता त्यांना घरपोच पंगत मांडून मिळाली. आली ती सोयऱ्याधायऱ्यांना घेऊन आली. तिसऱ्या दिवशी बाबली शिडीवरून उतरला तेव्हा त्याने आकडा सांगितलाच नाही. “वाढलीहत,” एवढंच म्हणाला.

“तुझ्या इलाजार शिरा पडो,” किशोरी म्हणाली आणि पदराने कपाळ पुसत पायरीवर बसली. तपासणीला चार दिवस राहिले होते.

“आता एकच, काकी. सीलिंग सगळा उतरवचा, नळे काढूचे, साफ करून परत घालूचे. तीन दीस. मी वर आसतलंय, काकांनी फक्त खाली शिडी धरूची.”

तीन दिवस. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. शिडी धरायची. सत्यवानच्या नुसत्या कल्पनेनेच खांद्यातून कळ गेली. माणूस थकला की त्याला देव आठवतो म्हणतात ते उगाच नाही. सत्यवानला त्याच क्षणी आठवला.

“असा कसा काढशात?” तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. “आपणहून घरात इलेला जीव. देवाक इचारल्याशिवाय?”

आता या गावात देवाला विचारल्याशिवाय विहीर खणत नाहीत, होडी पाण्यात घालत नाहीत, सोयरीकसुद्धा पक्की करत नाहीत. देवळात जायचं, गुरवाने पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार, आणि त्यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. सत्यवानचा हिशेब साधा होता. डावा कौल आला तर शिडी नको. उजवा आला तरी देवळात जाण्यायेण्यात एक दिवस निघेल. किशोरी रागावेल अशी त्याला धाकधूक होती, पण ती पटकन म्हणाली, “बरा बोलतास. इचारूया.” इतकी पटकन म्हणाली की त्याला आपल्या बायकोची कीवच आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गुरुदास गुरवाने कळ्या लावल्या आणि खणखणीत आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो लेकरू सत्यवान बायकोवांगडा तुझ्या पायाकडे इलेलो आसा.”

“व्हय म्हाराजा!” बाबली आणि उगाच आलेले पाचसहा जण म्हणाले.

“तेच्या घरात वाघळां शिरलीहत. ती भायर काढूची आसली तर उजवो दी, रवाक देवची आसली तर डावो दी. काय चुकला माकला तर पोटात घाल, नि तेका योग्य वाट दाखव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सत्यवानने हात जोडून डोळे मिटले आणि मनातल्या मनात सांगितलं, देवा, डावा दे. बाजूला किशोरीही डोळे मिटून उभी होती, ओठ हलत होते. दहा मिनिटं काही झालं नाही. मग उजवी कळी जराशी घसरली. दोघांचेही डोळे उघडले आणि सत्यवानचं तोंड उतरलं. उजवी तिथेच थांबली, आणि डावी टपकन खाली आली.

“झाला,” गुरुदास म्हणाला. “हात लावचो नाय.”

बाबलीने घरी येऊन शिडी खांद्यावर घेतली. “काकी, आता माझ्यान काय्येक होवचा नाय. देवाचो सबूद आसा.” संध्याकाळपर्यंत गावभर झालं. ज्यांच्यासाठी प्रत्यक्ष देवाने कौल दिला ती वटवाघळं बघायला माणसं येऊ लागली. नर्मदाकाकीने तर फटीखाली नारळ ठेवला आणि सत्यवानलाच दटावलं, “हळू बोला. दिसाची निजतत ती.” वटवाघळं दिवसभर निजत होती आणि आल्यागेल्यांना दार उघडायला सत्यवान उठत होता.

तपासणीच्या दिवशी बारा वाजता ओरोसचे साहेब आले. शौनक नाव, पस्तिशीतला माणूस, डोळ्यांखाली काळं. सकाळपासून त्यांची ही पाचवी वाडी होती. सत्यवान लगेच कचेरीतल्या मराठीत शिरला, “या साहेब, बसा साहेब.” साहेब बसले नाहीत. ते मागच्या खोलीत गेले, लाद्या बघितल्या, न्हाणीघर बघितलं, खूश झाले. मग वर बघितलं.

“हे काय आहे?”

“वटवाघळं आहेत, साहेब.”

“ते दिसतंय. काढली का नाहीत?”

“कौल डावा आला, साहेब.”

साहेबांनी पेन खाली केलं. हा माणूस आता हसणार, असं सत्यवानला वाटलं. पण साहेब हसले नाहीत. “मी वेंगुर्ल्याचा,” ते म्हणाले. “डावा आला म्हणजे विषय संपला. पण काका, खोली मी पास करू शकत नाही. पाहुण्याच्या अंगावर लेंड्या पडल्या तर माझी नोकरी जाईल.”

किशोरीने भिंतीवरून हात फिरवला. ती भिंत तिने स्वतः दोनदा घासून रंगवली होती. तीन दिवस शिडी धरली असती तर काय मेलो असतो मी, असं सत्यवानला वाटलं. खरंच वाटलं. आपण बायकोचं वाटोळं केलं ते निव्वळ आळसापायी, आणि वर देवाला साक्षीला घेतलं.

“जेवन जावा, सायबानू,” किशोरी म्हणाली. “पाच वाड्ये फिरून इलात. जेवण तयार आसा.”

बांगड्याचं तिखलं, भात आणि दोन वाट्या सोलकढी झाल्यावर साहेबांची मान जड झाली. “मला जरा अर्ज भरायला कुठे बसायला मिळेल का?” त्यांनी विचारलं. “हंय बसा,” म्हणत किशोरीने पश्चिमेच्या खोलीचं दार उघडलं. खुर्ची नव्हती. साहेब खाटेवर टेकले. खिडकीतून वारा आला. सुरूच्या पलीकडे समुद्र लखलखत होता. साहेबांनी अर्जावर तारीख घातली, मग जरा उशीला पाठ लावली, आणि पेन त्यांच्या हातातून सुटून छातीवर पडलं.

सत्यवान दाराशी उभा राहून बघत होता. त्याच्या खाटेवर, त्याच्या उशीवर, त्याच्या वाऱ्यात दुसरा कोणी घोरत होता, आणि तेही किती गाढ! पावणेदोन तास.

चारला साहेब उठले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांखालचं काळं निम्मं गेलं होतं. “काकी,” ते म्हणाले, “ही खोली का नाही देत तुम्ही? दोन वर्षांत अशी झोप लागली नव्हती मला.” त्यांनी पेन शोधलं, अर्जात ‘मागील’ शब्द खोडला, ‘पश्चिमेकडील’ लिहिलं आणि खाली सही ठोकली. सत्यवानचं तोंड उघडलं होतं, पण किशोरीच्या चेहऱ्यावर जे काही उगवलं होतं ते बघून त्याने ते मिटून घेतलं. लग्नाच्या दिवशीसुद्धा ती इतकी हसली नव्हती.

साहेबांची गाडी वळणापलीकडे गेल्यावर किशोरी खाटेवरची चादर बदलू लागली. सत्यवान थोडा वेळ घुटमळला.

“किशोरी, माका तुका एक सांगूचा आसा. रागाव नको. त्या दिसा देवळात मी डावो मागलंय. शिडी धरूक नको म्हणान.”

“माका म्हायत आसा,” ती म्हणाली. “उजवी कळी हालली तेवा तुमचा तोंड बघलंय मी.”

“मगे बोललंस कित्याक नाय?”

“मी काय मागलंय ता इचारा.”

“काय मागलंस?”

“डावो.” तिने चादरीची कड ताणून गादीखाली खोचली. “पावणे समुद्र बघूक येतत, फणस नाय. पयल्या दिसापासून माका हीच खोली व्हयी होती. पण तुमका खाटयेवरसून उठयतला कोण? माझ्यान तर काय ता जमणारा नव्हता. म्हटला, वाघळां उठयतत तर बघूया.”

तेहतीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला एवढं नक्की कळतं की वरपासून खालपर्यंत सगळ्या सह्या झालेल्या कागदावर अपील नसतं. आणि देवाचं तरी काय चुकलं? नवराबायकोने एकमताने काही मागितल्याची त्यांच्या संसारातली ही पहिलीच वेळ होती, आणि देवाने ते तिथल्या तिथे देऊन टाकलं होतं.

त्याने उशी काखेत मारली, दाराआडची छत्री घेतली आणि मागच्या खोलीत झोपायला गेला.