साध्या काचेचा चष्मा

गहिनीनाथच्या नजरेबद्दल खुद्द गहिनीनाथला कधीच शंका नव्हती. दुसऱ्यांच्या नजरेबद्दल मात्र होती, आणि त्यातूनच त्याला धंदा सुचला. केज तालुक्यातल्या त्याच्या गावात सहकारी ग्राहक भांडार होतं आणि तो तिथला मॅनेजर. दुष्काळाचं दुसरं वर्ष, दुकानात माशी फिरकेना. चेअरमन मोहनरावांनी सरळ सांगितलं, "विक्री वाढली न्हाई तर भांडाराला कुलूप."

"चष्मे इकू," गहिनीनाथ म्हणाला. "हिरी आटल्या, पर माणसाच्या डोळ्याचं पाणी आटत न्हाई. हा धंदा बुडायचा न्हाई बगा."

परळीहून त्याने खोकंभर चष्मे आणले. डोळे तपासायचं यंत्र नव्हतं, पण रस्त्यापलीकडे पाण्याचा टँकर उभा राहायचा. गिऱ्हाइकाला दारात उभं करून तो विचारायचा, "टँकरवर काय लिवलंय?" त्याला स्वतःला ते पाठ होतं. गिऱ्हाईक अडखळलं की नाकावरचा चष्मा बदलायचा, वाचता आलं की नंबर ठरला. गावातल्या भिवराबाई तर त्याला डॉक्टरच म्हणू लागल्या. गहिनीनाथने कधी नको म्हटलं नाही.

ही कीर्ती बीडला पोचली. एका दुपारी जीप थांबली आणि आरोग्य खात्याच्या तपासणीच्या मॅडम आत आल्या.

"नोंदणी नसताना डोळे तपासून नंबर देता? दुकान सील होईल."

गहिनीनाथ मोहनरावांचं कुलूप चुकवायला गेला, तर हे सरकारी कुलूप दारात आलेलं.

"नंबर कुठला, मॅडम? साध्या काचा हायेत. धूळ लई उडती ना, म्हणून."

मॅडमनी खोक्यातला एक चष्मा उचलून त्याच्या हातात दिला. "मग घाला. बाहेर बघा आणि आधीसारखंच दिसतंय म्हणून सांगा. मी चालले."

इतकं सोपं काम! त्याने चष्मा घातला, बाहेर पाहिलं आणि 'आधीसारखंच' म्हणायला तोंड उघडलं.

ते उघडंच राहिलं. समोरच्या लिंबाला पानं होती. इतकी वर्षं त्याला तो एक हिरवा गोळा वाटत आला होता, आणि आता एकेक पान वेगळं हलत होतं. पलीकडच्या डोंगरावर दगड होते. टँकरच्या पायपातून गळणारा थेंबन् थेंब उन्हात चमकून घागरीत पडत होता. जग इतकं बारीक घडवलेलं आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि तिथे रांगेत, कमरेवर घागर घेऊन, त्याची बायको कडूबाई उभी होती. हनुवटीवरचं गोंदणसुद्धा दिसत होतं.

"आगं कडू," तो दारातूनच ओरडला, "तू म्हातारी झालीस की!"

सगळी रांग वळून बघू लागली.

"कवाच झाली," कडूबाई म्हणाली. "तुमाला आज दिसलं का?"

"लई चांगली दिसतीस गं," गहिनीनाथ म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. चार बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कडूबाईने रांगेत पाठ फिरवली, पण जागा सोडली नाही.

"साध्या काचा ना?" मागून मॅडमचा आवाज आला.

खोकं जीपमध्ये गेलं. दुकान मात्र वाचलं, ज्यांना चष्मे विकले त्या सगळ्यांना बीडच्या दवाखान्यात नेऊन डोळे तपासून आणायच्या बोलीवर. मग मॅडमनी त्याच्या नाकाकडे हात केला.

"एवढा ऱ्हाऊ द्या," गहिनीनाथने चष्मा दोन्ही हातांनी धरला.

"डॉक्टरची चिठ्ठी?"

चष्मा उतरला आणि लिंबाचा पुन्हा गोळा झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो बीडला निघाला. सगळ्यांच्या आधी स्वतःचे डोळे तपासायचे, असं त्याने ठरवलं होतं. केजच्या स्टँडवर कंडक्टरला विचारणं त्याला कमीपणाचं वाटलं. त्याने गाडीवरची पाटी स्वतः वाचली, खिडकीशी बसला आणि परळीत उतरला.