रसेल हार्टन यांची तब्येत स्थिर आहे

सोसायटीचा सेक्रेटरी झालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी नोटीस बोर्डाची काच उघडली आणि आतलं पहिल्यांदाच नीट वाचून हबकलो. पार्किंगची यादी आणि पेस्ट कंट्रोलची सूचना यांच्या मधोमध, वहीच्या फाडलेल्या पानावर, निळ्या शाईत सुरेख अक्षरात लिहिलं होतं : ‘श्री. रसेल हार्टन यांची तब्येत स्थिर आहे. काल संध्याकाळी स्वतःच्या पायांनी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. सभासदांनी काळजी करू नये. स. भि. परब, पहिला मजला.’

आमची चारकोपची सोसायटी बत्तीस घरांची. त्यात हार्टन नावाचं कुणी नाही. परबकाकांनी न सांगता गोरा भाडेकरू ठेवला की काय? तसाच वर गेलो. काकांनी दार अर्धं उघडलं आणि उघड्या अर्ध्यात स्वतः उभे राहिले.

“काका, हे हार्टन कोण? पोलिसांत नोंद केलीत का?”

काका माझ्याकडे बघतच राहिले. “रसेल हार्टन माहीत नाय? मग मेल्या, तुका सेक्रेटरी कोणी केल्यान?”

रसेल हार्टन हा काळ्या-पांढऱ्या जमान्यातला हॉलिवूडचा नट. सदानंद परब गिरणगावातल्या एका थेटरात तीस वर्षं ऑपरेटर होते, म्हणजे वरच्या केबिनमध्ये बसून सिनेमाचं मशीन चालवायचे. दर रविवारी सकाळी तिथे जुने इंग्रजी सिनेमे लागत, आणि त्यांतले बरेचसे हार्टनचे. काकांनी ते सगळे केबिनच्या वीतभर झरोक्यातून पाहिले. मशीनची घरघर इतकी, की संवाद ऐकू येत नसत. आले असते तरी इंग्रजी. त्यामुळे काकांनी ते स्वतःच भरले. त्यांचा रसेल हार्टन अस्खलित मालवणी बोलतो. किल्ल्याच्या तटावर नायिकेला मिठीत घेऊन तो म्हणतो, “बाये, घोडो तयार आसा. जेवन मगे जेवया.”

काकांच्या बोलण्यातही केबिन शिरली होती. सिनेमाचं एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो. तो दिसला की ऑपरेटरने दुसरं मशीन सुरू करायचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी लांबण लावली की काका हवेत उजव्या कोपऱ्यात बोट रोखून म्हणत, “ठिपको दिसलो!” बोलणारा गडबडून खाली बसे. गळतीवर तावातावाने बोलताना माझ्यावरही तो ठिपका दोनदा आला होता.

रसेलचं चरित्र ते अंगणातल्या बाकावर बसून हप्त्याहप्त्याने सांगत. ते मला तोंडपाठ झालं आहे. शेतमजुराचा मुलगा. बंदरावर पोती वाहिली. मग स्टुडिओत घोड्यावरून पडायचं काम मिळालं. “एका पिक्चरात तो एकोणीस वेळा पडलो. सैनिक म्हणून पडलो, दरोडेखोर म्हणून पडलो, लग्नाच्या वरातीत पण पडलो!” पुढे एका दिग्दर्शकाने चेहरा हेरला, स्टुडिओने दात बदलले, नाव बदललं, आणि त्याला हीरो केलं.

“चार लग्नं केली त्याने,” मी एकदा टोचून म्हणालो.

“पण एका टायमाक एकच,” काका म्हणाले. “शिस्तीचो माणूस.”

मग वय झालं, दारू वाढली. हीरोचा बाप झाला, मग आजोबा, मग साबणाच्या जाहिरातीत हसला. इथे काका थांबत. पुढे काय झालं विचारलं तर म्हणत, “पुढे काय? आसा. घरी आसा.”

मला हे सहन होत नसे. त्याला कारण माझी नोकरी. मी विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासतो. माणूस खरोखर गेला आहे का, कधी गेला, कागद काय म्हणतो, हे बघण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. हार्टन जिवंत असता तर एकशे सहा वर्षांचा असता. मी काकांना तसं म्हणालोही.

“माझ्या थेटरात रसेल एकदाही मेलो नाय,” काका शांतपणे म्हणाले.

हे अक्षरशः खरं होतं. त्याच्या बहुतेक सिनेमांत तो शेवटी मरायचा. काका तेवढा तुकडा कात्रीने कापत आणि पुढचं मागचं चिकटवून मोकळे होत. सोमवारी तुकडा परत जोडून प्रिंट वितरकाकडे जाई. रविवारी मात्र रसेलला गोळी लागायची, तो पुलावर डगमगायचा, आणि पुढच्याच क्षणी नायिका काळे कपडे घालून बोटीत बसलेली असायची. पब्लिक शिट्ट्या मारायचं. एकदा एक गिऱ्हाईक थेट केबिनमध्ये घुसलं. “मी हा पिक्चर दुसऱ्या थेटरात पाहिलाय. तो मरतो!” काकांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, “मग तकडे परत कित्याक नाय गेलास?”

हे असं होतं. लोक हसत आणि सोडून देत. मला सोडता आलं नाही, कारण बोर्डाची किल्ली माझ्याकडे होती. काका मात्र काचेच्या फटीतून कागद सरकवत. ‘रसेल यांना किंचित सर्दी. वाफ घेतली.’ ‘रसेल यांनी आज पेज मागून घेतली.’ मी काढून टाकायचो, दुसऱ्या दिवशी नवा कागद हजर.

आणि एक दिवस घात झाला. टाकी धुणार म्हणून मी सूचना लावली होती : सकाळी सहापासून पाणी बंद. काकांचा कागद नेमका त्या सूचनेवर सरकला. सकाळी सात वाजता माझ्या दारात तोंडाला साबण लावलेली पाच माणसं उभी. तळमजल्याचे कदम तर डोळे मिटूनच आले होते. “सेक्रेटरी, वाट लावलीस यार! पाणी नाही, आणि बोर्डावर काय तर रसेल यांना शौचास साफ झाली!”

त्या दिवशी मी ठरवलं.

सोसायटीच्या सत्यनारायणाला दरवर्षी अंगणात मांडव असतो. आरतीनंतर मी माइक घेतला. ऑफिसात जेवणाच्या सुटीत मी मोबाइलवर हार्टनची सगळी माहिती शोधून ठेवली होती. मला धक्का याचा बसला होता, की काकांनी सांगितलेलं बहुतेक सगळं खरं निघालं. पोती, घोडे, दात, चार लग्नं, साबण. शेवटही वाचला होता. भाड्याच्या घरात एकटाच गेला, दोन दिवसांनी दूधवाल्याला कळलं. ते वाचून मी डबा अर्धवट टाकून उठलो होतो. तरीही मी माइक घेतला. हे मला लिहायलाच हवं.

“सभासदांना कळवण्यास अत्यंत दुःख होतं,” मी ऑफिसच्या आवाजात सुरुवात केली, “की आपले लाडके श्री. रसेल हार्टन यांचं निधन झालं आहे. होऊन बरीच वर्षं झाली, पण बोर्डावर जागा नसल्यामुळे कळवता आलं नाही.”

पुरुष खो खो हसले. कदमांनी टाळी दिली. मी आणखी चढलो. “सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं मौन पाळावं.”

हसत हसत सगळे उभे राहिले. बायका हसत नव्हत्या हे मला तेव्हा दिसलं. माझी बायको सुषमा शिऱ्याची परात हातात धरून माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी देवाच्या चौरंगावर पाय ठेवला आहे. आणि परबकाका माझ्याकडे बघतच नव्हते. ते कर्ण्याकडे बघत होते. कर्णा मीच बांधला होता, झाडाच्या फांदीला, पहिल्या मजल्याकडे तोंड करून.

त्या शांततेत पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक आवाज आला. ओढलेला, अर्धवट जिभेचा.

“अहो... कोण गेलो?”

परबकाकी. सहा वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. तेव्हा मी भेटायला जायचं ठरवलं होतं. ते ठरवलेलंच राहिलं.

काकांनी मान वर केली आणि खणखणीत आवाजात ओरडले, “कोण नाय गो! माइक टेस्टिंग!”

मग ते माझ्याजवळ आले, माझ्या हातातून माइक घेतला आणि बोलू लागले, “हॅलो. हॅलो. वन, टू, थ्री. फोर. फाइव्ह.” ते अकरापर्यंत मोजत गेले. मग माइक हलकेच स्टँडवर ठेवून ते जिना चढून गेले. प्रसाद न घेता.

घरी आल्यावर सुषमाने परात ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, “तुला खरंच माहीत नव्हतं?”

“काय?”

“अरे, सगळ्या बायकांना माहीत आहे!”

तिने सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत बसलो तो उठलोच नाही. काकींचा भाऊ त्या थेटरात डोअरकीपर होता. लग्नाआधी काकी दर रविवारी भावाचा डबा घेऊन यायच्या आणि फुकटात सिनेमा बघायच्या. पहिल्यांदा पडद्यावर हार्टनला गोळी लागली तेव्हा त्या अशा हमसून रडल्या, की झरोक्यातून ते पाहून केबिनमधल्या तरुण परबांनी मशीनच बंद केलं. पुढच्या रविवारपासून त्यांनी कात्री हातात घेतली. वर्षभरात लग्न झालं.

“झटका आल्यावर काकी चाळीस दिवस बोलल्या नव्हत्या,” सुषमा म्हणाली. “मग एक दिवस पहिला शब्द काढला. ‘रसेल आसा मां?’ काका म्हणाले, आसा. झालं. रोज विचारतात. वर गेलं की आम्हालाही विचारतात. मी एकदा सांगितलं, सर्दी झालीये. त्याच दिवशी कदमबाईंनी सांगितलं, पोहायला गेलाय. काकी गोंधळल्या, रात्रभर रडल्या. तेव्हापासून काका बोर्डावर लिहितात. वर जायच्या आधी आम्ही वाचून जातो. काका म्हणतात, एका पडद्यावर दोन रिळं चालवून कसं चालेल?”

“आणि हार्टन मेलाय, हे काकांना...”

“गेला तेव्हाच पेपरात वाचलं त्यांनी.”

“मग मला कुणी सांगितलं का नाही?”

“तू कधी विचारलंस?” ती म्हणाली. “तू कागद फाडत होतास. आणि आम्ही कचऱ्यातून काढून वाचत होतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो. काकांनी दार उघडलं. या वेळी ते बाजूला झाले.

“काका, मी...”

काकांनी हवेत उजव्या कोपऱ्यात बोट रोखलं. “आत बसली आसा,” ते हळूच म्हणाले. “तिका नीट सांग. मी चाय टाकतंय.”

काकी खिडकीजवळ खुर्चीत होत्या. डावा हात उशीवर ठेवल्यासारखा, उजवा मांडीवर. केस नुकतेच कुणीतरी विंचरलेले, भांग मात्र वाकडा. तो भांग काकांनी पाडला असणार.

“इलंस?” त्या म्हणाल्या. “तू सेक्रेटरी मां?”

मी समोर बसलो. सव्वीस वर्षं मी लोकांना, तुमचा कागद खोटा आहे, असं सांगत आलो. “काकी, काल माइकवर माझी चूक झाली. तो रसेल वेगळा. नावाचा गोंधळ झाला. दुसराच कुणीतरी गेला. आपला आहे. बरा आहे. काल... काल घोड्याला हरभरे घातले त्याने. स्वतःच्या हाताने. सफेद घोडा आहे. म्हातारा झालाय, पण ओळखतो. हाक मारली की येतो.”

मी बोलतच सुटलो. घोड्याला नाव दिलं, तबेल्याला छप्पर घातलं. काकी ऐकत होत्या. मग त्यांच्या तोंडाची चांगली बाजू जराशी हलली.

“रे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तू खोटां बोलताना खाली बघतंस. आमचे हे वर बघतत.”

मी चमकून मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत गोंधळ नव्हता. अजिबात नव्हता. त्यांनी उजव्या हाताने मला गप्प राहायची खूण केली, कारण काका चहाचे कप घेऊन दारात आले होते.

“अहो, ऐकलात?” काकी मोठ्याने म्हणाल्या. “दुसरोच रसेल गेलो म्हणे! आपलो आसा!”

काकांनी वर पंख्याकडे बघितलं.

“मी काय सांगी होतंय?” ते म्हणाले.

मी खाली बघत चहा पीत राहिलो.