शिवाय पहा : डोमाजी

डोमाजी लांजेवार वाचनालयात आले की चपला काढायच्याही आधी 'र'चा खण उघडत. एक कार्ड वर ओढत, बघत, पुन्हा खाली दाबत आणि मग चपला काढत. पावसात निथळत आले तरी आधी 'र'. मी देवघेवीच्या टेबलावरचा कारकून, सहा वर्षं हा प्रकार रोज पाहिला. एकदा विचारलं, "डोमाजी, 'र'च काहून?" तर म्हणाले, "कोठून तरी सुरू कराच लागते ना गा." मी पुढे विचारलं नाही. ज्या माणसाच्या सगळ्याच गोष्टी विचित्र असतात, त्याच्या एका गोष्टीची चौकशी करून काय मिळणार?

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाचनालयात तेव्हा पुस्तकं कुलपात असत. दारापाशी साठ खणांचं लाकडी कपाट होतं, त्यात पुस्तकांची कार्डं. वाचकाने कार्ड शोधायचं, त्यावरचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि शिपायाने आतून पुस्तक आणायचं. कार्डं लिहिणं हे डोमाजींचं काम. नियमाप्रमाणे दर पुस्तकाची तीन कार्डं : लेखक, नाव, विषय. डोमाजी अकरा लिहीत आणि खाली 'शिवाय पहा' म्हणून दुसऱ्या कार्डाची वाटही दाखवत.

नवं पुस्तक आलं की ते आधी घरी नेऊन वाचत. मग दुसऱ्या दिवशी टाक कानावर ठेवून छताकडे बघत स्वतःलाच विचारत, "हे कोन मांगन? अन् कोन्या शब्दानं मांगन?" पचनसंस्थेवरचं पुस्तक त्यांच्याकडे 'पोट – सकाळी साफ न होणे' या कार्डावर सापडे. पत्रलेखनाचं पुस्तक 'सासरे – दिवाळसणाबद्दल कळवणे' खाली. एका कादंबरीच्या कार्डावर नुसतं 'रडवते, पण शेवटी बरं होते' एवढंच होतं आणि ती कादंबरी कधी जागेवर नसे.

"लेखक नाव ठेवते आपल्या हौसेनं," ते म्हणत. "वाचक बिचारा आपल्या दुखण्याचं नाव घेऊन येते. त्याले त्या नावानंच सापडलं पाहिजे."

ही खोड घरीही होती. त्यांच्या पत्नी जनाबाई एकदा मला सांगत होत्या, "हळदीच्या डब्यावर लिहून ठेवलं, 'शिवाय पहा : जखम'. म्हटलं, ठीक आहे बाप्पा. तर तिखटाच्या डब्यावर माझं नाव लिहिलं ना, भाऊ." हे ऐकून डोमाजी समाधानाने चहा फुरकत राहिले. त्या घरात सगळ्या गोष्टींवर मोकळं बोलणं चाले, एक मुलगा सोडून. एकुलता एक विजय काही वर्षांपूर्वी बापाशी भांडून गेला होता. कोणी विचारलंच, तर डोमाजी म्हणत, "हाय. बरा हाय," आणि काहीतरी काम काढून उठत. तो कुठे आहे हे त्यांनाही ठाऊक नाही, हे साऱ्या आळीला ठाऊक होतं.

अशात पाटणकर हे नवे ग्रंथपाल आले. पदविका घेतलेले, तरतरीत आणि खरं सांगायचं तर चांगले गृहस्थ. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "कार्डांचा जमाना गेला. कपाटांची कुलपं काढा, वाचकांना आत सोडा. पुस्तक हातात घेऊन पाहता येत असताना त्याच्यावरची चिठ्ठी कोण वाचतो?" कुलपं निघाली त्याचा आनंद सगळ्यांनाच झाला, डोमाजींनाही. पण पुढचं वाक्य होतं, "आणि हे साठ खणांचं धूड भंगारात द्या."

त्यातच डोमाजींनी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. विहिरींच्या बांधकामावरचं एक पुस्तक आमच्याकडे होतं, दहा वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. डोमाजींना ते बघवत नसे. त्यांनी त्याची कार्डं गुपचूप वाढवली : 'विहीर', 'पाणी' इथपर्यंत ठीक, पण पुढे 'क्रिकेट', 'पाककृती' आणि 'प्रेम'. कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याने तीन वेळा प्रेम मागितलं आणि तिन्ही वेळा त्याच्या हातात विहीर आली. चौथ्या वेळी त्याने कार्यकारी मंडळाकडे लेखी तक्रार केली.

"तुमची कार्डं खोटं बोलतात," पाटणकर त्यांना म्हणाले. डोमाजींचा चेहरा पडला. "कोनी नेतच नव्हतं, साहेब. एकटं पडून राहिलं होतं ते," एवढंच ते बोलले.

निकाल रविवारी लावायचं ठरलं. मंडळाचे लोक खुर्च्यांवर, वाचकांची गर्दी आणि अट साधी : वाचकाने काय हवं ते सांगायचं, पाटणकरांनी कपाटांत शोधायचं, डोमाजींनी खणांत. डोमाजी हरले तर सोमवारी भंगारवाला येणार होता.

सुरुवातीलाच डोमाजी उठले. त्यांनी 'क'चा, 'प'चा आणि 'प्र'चा असे तीन खण उघडले, विहिरीची तिन्ही खोटी कार्डं काढली आणि सर्वांदेखत फाडली. "एक चिठ्ठी लबाड निघाली की खऱ्या चिठ्ठीवर बी कोनी भरवसा ठेवत नाही," ते म्हणाले. "माझी चूक झाली. आता विचारा."

पहिला प्रश्न एका प्रसिद्ध लेखकाच्या पुस्तकाचा होता. पाटणकर सरळ कपाटापाशी गेले आणि डोमाजींची बोटं खणात शिरायच्या आत पुस्तक घेऊन आले. मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडे बघून हळूच मान हलवू लागले.

मग एक म्हातारी पुढे झाली. "मले ते पाहिजे बाप्पा, ज्याच्यात सून पळून जाते अन् सासूच तिले घरी आनते. नाव नाही आठवत." पाटणकर कादंबऱ्यांच्या सात कपाटांसमोर उभे राहिले आणि उभेच राहिले. डोमाजींनी 'स' उघडला : 'सून – पळालेली – सासू परत आणते'. म्हातारी पुस्तक छातीशी धरून बाकावर जाऊन बसली.

तिसरा माणूस उमरेडचा विणकर होता, एसटीने आला होता. म्हणाला, "उन्हाळ्यात सूत लय तुटून राहिलं. कोठं लिहून हाय काय?" पाटणकरांनी कापडाच्या कपाटातली सगळी पुस्तकं चाळली. डोमाजी तोवर कार्ड वाचत होते : 'सूत – उन्हाळ्यात तुटणे'. पुस्तक कापडावरचं नव्हतंच. ग्रामोद्योगावरचा एक जाडजूड ग्रंथ होता आणि त्यातली दीड पानं हवा ओलसर कशी ठेवावी यावर होती. कार्डावर पानाचा आकडासुद्धा होता. विणकराने तिथेच उभ्याउभ्या ती दीड पानं वाचली आणि डोमाजींच्या पायाला हात लावला.

त्यानंतर बारा प्रश्न झाले. डोमाजी बारा जिंकले. शेवटी खुद्द पाटणकरांनी विचारलं, "लहान मूल रात्री झोपत नाही, त्यावर काही?" त्यांना तेव्हा चार महिन्यांची मुलगी होती. कार्ड निघालं. पाटणकर ते पुस्तक स्वतःच्या नावावर घेऊन गेले आणि कपाट भंगाराऐवजी पॉलिशला गेलं. त्या दिवशी वाचनालयात जिलेबी वाटली गेली आणि डोमाजी गर्दीच्या मधोमध नवरदेवासारखे बसून होते. मला इतका आनंद माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

पॉलिशसाठी खण रिकामे करायचं काम माझ्याकडे आलं. 'र' काढला. खूप हाताळलेल्या कार्डांचे कोपरे काळे होतात, तसं एक कार्ड होतं, सर्वांत काळं. वर लिहिलं होतं, 'रेडिओ दुरुस्ती'. खाली पुस्तकाचा क्रमांक नव्हता. 'शिवाय पहा : घर. दार उघडं आहे. – बाबा.'

विजयला रेडिओचा नाद होता. घरातला रेडिओ त्याने उघडला, पुन्हा जोडता आला नाही आणि डोमाजी चार लोकांत नाही ते बोलून गेले, एवढ्यावर तो गेला होता. कोपरा इतका काळा बघून मला क्षणभर वाटलं, पोरगा येऊन गेला. मग आठवलं की हे कार्ड रोज सकाळी कोण वर ओढत होतं. मला रडू आलं, लपवत नाही.

डोमाजी मागे येऊन उभे होते. त्यांनीच शिकवलेलं मी बोललो. "डोमाजी, आता रेडिओ कोण विचारते? नागपुरात टीव्ही आला. पोरगा त्याच कामात असन तर 'टीव्ही' पाहीन ना तो. 'ट'मधी एक लिहू काय?"

त्यांनी कानावरचा टाक काढून माझ्या हातात दिला.

"लिही गा," ते म्हणाले. "अन् अक्षर जरा मोठं काढजो."