मामाचं गाव कंचं?

नांदे गावात खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक किसनतात्यांनी मला पगार विचारला नाही, कंपनी विचारली नाही, डिपॉझिटचं तर नावही काढलं नाही. शेळ्यांना पाला टाकता टाकता त्यांनी एकच विचारलं, "मामाचं गाव कंचं?"

"जिंतूर."

"दारात झाड कंचं?"

"चिंच होती. तोडली आता."

"कुनी?"

"धाकट्या मामानं. त्यावरून घरात भांडणंही झाली."

"मंग तू खरा हायेस. सामान घिऊन ये."

मी परभणीचा, हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसून पोट भरणारा. असला इंटरव्ह्यू माझा कंपनीनंही घेतला नव्हता.

तात्यांचं म्हणणं असं, की लबाड माणूस नाव-गाव ठरवून येतो, पण मामाचं गाव ठरवायला विसरतो. सोयरीक जुळवताना जाणती माणसं मामाकूळ विचारतात, ते या गृहस्थांनी सगळ्या जगाला लावलं होतं. गॅसवाला, टॉवरवाला, मतदारयादीवाले मास्तर, कुणाची सुटका नव्हती. एकदा पांढरी पँट घातलेला जमिनीचा एजंट आला. प्रश्न ऐकून तो "मामाचं काय आता मध्येच..." म्हणत हसला. तात्यांनी त्याला चहासुद्धा पाजला नाही. पुढे तोच एजंट गावातल्या तिघांचा इसार घेऊन पसार झाला. झालं! त्यानंतर तात्यांना कोण आवरणार?

क्रेडिट कार्डवाल्या मुलीचा फोन आला, तर तिच्याशी ते तिच्या आजोळच्या विहिरीबद्दल वीस मिनिटं बोलले. कार्ड घेतलं नाहीच. वर मला म्हणाले, "पोरगी गुनाची हाय. कामच वंगाळ दिलंय तिला." मोबाईलवर परदेशी लॉटरी लागल्याचा मेसेज आला तेव्हा म्हणाले, "त्याला लिव, मामाचं गाव कंचं."

"अहो तात्या, तिकीटच काढलं नाही तुम्ही!"

"म्हनूनच इचार की."

तात्यांचा एकुलता एक मुलगा प्रकाश. शिकून इंजिनिअर झाला आणि कंपनीनं त्याला इंग्लंडला पाठवला. काकू, म्हणजे प्रकाशची आई, वारल्या त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. घरात तात्या आणि सात शेळ्या. प्रकाशचा फोन महिना-दीड महिन्यानं यायचा. "बरं आहे ना? औषध घेता ना? ठेवतो मग." दोन मिनिटांच्या आत खलास. काही कागदपत्र, फोटो असला तर तो माझ्या ई-मेलवर पाठवायचा आणि मी तात्यांना दाखवायचो.

ही गोष्ट दोन हजार नऊच्या नाताळातली. मुळशीकडच्या रस्त्याला पुण्याच्या गाड्यांची रांग लागली होती. मला सुट्टी होती. सकाळी आठला मेल उघडली, तर प्रकाशच्या पत्त्यावरून इंग्रजीत पत्र होतं. सुट्टीसाठी स्पेनला आलो, चोरांनी पाकीट, पासपोर्ट, फोन सगळं नेलं, हॉटेलवाला सोडत नाही, आजच्या आज पन्नास हजार पाठव, पाठवायची पद्धत खाली दिली आहे.

मी त्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. इंग्लंडात तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असणार आणि लोक रात्री फोन बंद करून झोपतात, हे माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याच्या डोक्यात आलं नाही. मी धावत तात्यांकडे गेलो आणि सगळं वाचून दाखवलं.

"तात्या, उशीर नको. माझ्याकडे तीस आहेत, वरचे तुम्ही द्या."

ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "त्याला इचार."

"काय?"

"मामाचं गाव कंचं."

मला असा संताप आला म्हणून सांगू! मुलगा परमुलखात अडकलाय आणि ह्यांचं हे खूळ! पण मुलगा त्यांचा, म्हणून मुकाट्यानं इंग्रजीत प्रश्न लिहून पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं. ही चेष्टेची वेळ नाही, सुट्ट्यांमुळे बँका बंद होतील, लवकर पाठव.

"गाव न्हाई सांगितलं?"

"नाही."

"मंग हा माझा न्हाई," तात्या म्हणाले आणि उठून शेळ्यांकडे गेले. पण दुपारपर्यंत त्यांनी तोंडात अन्नाचा कण घातला नाही. माणूस खोटा आहे हे कळलं होतं, मुलगा सुखरूप आहे हे कळायचं होतं. दर पाच मिनिटांनी विचारत, "लागला का?"

दोन वाजता एकदाचा फोन लागला. प्रकाश घरीच होता, स्पेनला गेलाच नव्हता. त्याच्या मेलचा पासवर्ड कुणीतरी चोरला होता आणि ओळखीच्या सगळ्यांना तेच पत्र गेलं होतं. मी फोनचा स्पीकर लावून तात्यांच्या हातात दिला.

"मामाचं गाव कंचं?" तात्या.

"तात्या, अहो मीच आहे!"

"गाव सांग."

"कोळवण."

"मामाच्या म्हशीचं नाव?"

"चंद्री. तात्या, मला जरा बाहेर..."

"सुट्टीत तू झाडावरनं पडलास, ते कंच्या?"

"जांभळाच्या."

"मंग तुज्या आईनं काय केलं?"



"आधी मारलं," प्रकाश म्हणाला, "मग हळद लावली. आणि रात्रभर पाय मांडीवर घेऊन बसली." त्याचा आवाज बदलला होता. बाहेर जायचं तो पुन्हा बोलला नाही. विहीर झाली, मामीच्या हातची तांदळाची भाकरी झाली, मामाचा चिडका बैल झाला. मी घड्याळ पाहिलं, तर चाळीस मिनिटं झाली होती.

फोन ठेवल्यावर तात्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

मी म्हणालो, "तात्या, कोळवण म्हटल्यावरच तुम्हाला पटायला हवं होतं."

"कोळवन कशाला? त्यो हॅलो म्हनला तवाच पटलं हुतं."

"मग एवढं कशाला विचारत बसलात?"

त्यांनी शेळीच्या पाठीवरून हात फिरवला.

"इचारलं नसतं, तर त्यानं फोन ठिवला असता."