जाहिरातीच्या शेवटची शिंक

माझ्याइतकं झटपट बोलणारा माणूस शोधून दाखवा, आपण हरलो! मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळायच्या जाहिराती ऐकता ना? आधी एक गोडबोल्या 'खेळा, जिंका, मालामाल व्हा!' म्हणतो आणि शेवटी काहीतरी भुर्रकन उडून जातं. ते भुर्रकन म्हणजे मी! 'या खेळाचं व्यसन लागू शकतं, जबाबदारीने खेळा, मदतीसाठी फोन करा' आणि वर अख्खा नंबर! कंपनीला तीन सेकंदांत हवं असतं, मी दोनात देतो.

आमच्याकडे मामा-मामी राहतात. मामी शिवणकाम करते, पण तिचं मशीन दुरुस्तीला गेलं ते गेलंच. निवृत्त झाल्यापासून मामा मोबाइल घेऊन तासन्‌तास बाथरूममध्ये. मामीचं निदान पक्कं, बद्धकोष्ठ! रोज कडू काढा उकळायची. मामा निमूटपणे प्यायचे.

तर त्या दिवशी माझी अक्कलदाढ काढली. जबडा बधिर, तोंड वाकडं, आणि तसाच स्टुडिओत गेलो. एकेक शब्द गोगलगायीसारखा सरपटत बाहेर येत होता.

"काळजी नको, मशीनवर पळवतो," रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

पळवलं. पण पठ्ठ्याने दुसराच तुकडा पळवला! गोडबोल्या चिमणीसारखा चिवचिवला आणि मागोमाग माझी सूचना आली. संथ, जड, एकेक आकडा सुटा, घरातलं कुणी वडीलधारं कळवळून सांगतंय अशी. कंपनीत जाहिरात शेवटपर्यंत ऐकतो कोण? तशीच वाजली!

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने बोलावून घेतलं. "घात झाला! लोकांना सूचना कळली!"

"अहो, कळावी म्हणूनच असते ना?"

"छे! असावी म्हणून असते! तो मदतीचा फोन वाजतोय, आणि कुठे ठेवलाय तेच सापडत नाहीये!"

शेवटी तो कागदांच्या गठ्ठ्यांमागे सापडला. वाजतच होता. "लोकांना तुम्ही बोलावलंत, तुम्हीच उचला!" म्हणत मॅनेजरने मला खुर्चीत ढकललं.

पलीकडे नळ सोडल्याचा आवाज आणि दबकी कुजबुज. "मला सोडवतच नाही हो. बायकोचं शिलाई मशीन विकून बसलोय. तिला वाटतंय दुरुस्तीला दिलंय. बिचारी रोज काढा करून देते, त्याचीच जास्त लाज वाटते. काय करू?"

तेवढ्यात तिकडे दारावर थाप पडली. "अहो, झालं का? काढा निवतोय!"

हा तर मामीचा आवाज!

"मामा," मी म्हणालो, "आधी नळ बंद करा."

पाणी थांबलं. "तू? तू तिथे काय करतोस?"

"ती शेवटची सूचना... मीच वाचतो."

"रोज? अरे, मला इतके दिवस वाटायचं, जाहिरात संपली की कुणीतरी शिंकतंय!"

"दार उघडू नका, मी आलोच," एवढं म्हणालो आणि घरी पळालो.

दोघांनी मिळून मामीला सगळं सांगितलं. ती रडली, मग भडकली, मग मामांचा मोबाइल काढून घेतला. "मला आधी सांगितलं असतंत तर खाल्लं असतं का मी तुम्हाला?" मामांना हुंदका आवरेना. मग तिनेच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "उद्या समुपदेशकांकडे जायचं. मी येतेय बरोबर."

मग माझ्याकडे वळली. "आणि तू रे! जबाबदारीने खेळा म्हणतोस ना? ते खेळले, आता जबाबदारी तू घे. मशीन शोधून आण!"

त्या सूचनेपायी कंपनीने मला कामावरून काढलंच होतं, वेळच वेळ होता. मशीन शोधून आणलं. आता सुईत दोरा मामा ओवून देतात, आणि दोरा चुकला की मामीच्या शिव्या मात्र मला!

हां, त्या दिवशीचा काढा राहिलाच की! वाया कशाला घालवायचा, म्हणून मामीने तो मला पाजला. मी नाक दाबून एका दमात संपवायला गेलो, तर हात धरला. "दोन सेकंदांत नाही! एकेक घोट, सावकाश. नीट कळू दे!"

कळलं हो! पुढचे दोन दिवस बाथरूममध्ये मी होतो.