मीटरची घुमटी

कातळावर घर बांधायचं तर आधी पाणी हवं. पाण्याला पंप हवा, पंपाला वीज हवी, विजेला मीटर हवं आणि मीटर लावायला भिंत हवी. भिंत पाण्याशिवाय उभी राहत नाही. शाळेतली कारकुनी करून निवृत्त झालेले राजाभाऊ दिवाळीपासून या चक्रात अडकले होते. रत्नागिरीत जन्मभर त्यांनी भाड्याच्या खोल्यांत गणपती आणला. 'येणारा गणपती आपल्या जागेत' असा शब्द त्यांनी बायकोला दिला होता, आणि कमलाताई शब्द विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"मीटरपुरतं चिऱ्याचं खोपटं बांधून देतो," गवंडी भागोजी म्हणाला. "तेवढं पानी घरनं कॅनातून आनतो."

भागोजीने हयातभर वाटेवरच्या देवांच्या घुमट्या बांधल्या होत्या. हात सवयीच्या वळणाने गेला. पुढे कमान, वर उतरतं छप्पर, आणि उरलेलं सिमेंट वाया कशाला घालवा म्हणून एक छोटासा कळस. जागेवरचं पहिलं बांधकाम म्हणून राजाभाऊंनी नारळ फोडला, कमलाताईंनी हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी आत कुणीतरी जास्वंद ठेवून गेलं होतं.

वायरमन दीपक मीटर घेऊन आला तेव्हा आत उदबत्ती जळत होती. त्याने चपला काढल्या, नमस्कार केला आणि विचारलं, "मीटर कुठे लावायचंय, काका?"

"इथेच."

"देवळात?"

"देऊळ नाही रे बाबा. मीटरची खोली आहे."

दीपकने कळसाकडे पाहिलं. "मी भिंतीला भोक पाडायचं आणि उद्या माझ्या घरी काही वाकडं झालं तर? वाडीने हो म्हणू दे, मग लावतो."

वाडी म्हणजे शेजारच्या यमुनाबाई. त्यांनी हो म्हटलं की बाकीचे विचार करायच्या भानगडीत पडत नसत.

"आजी, आत देव नाही हो," राजाभाऊ काकुळतीला येऊन म्हणाले.

"असं बोलू नये. माजी गाय अडली हुती. हितं येऊन बोलले, रातीत वासरू झालं. देव न्हाय तर कोनी केलं?"

राजाभाऊंनी मीटरने केलं म्हणावं, तर ते अजून दीपकच्या पिशवीत होतं.

"मग देवाला जरा पुढे सरकायला सांगाल का?" कमलाताईंनी हळूच विचारलं. "मागची भिंत तेवढी आम्हाला पुरे."

हे यमुनाबाईंना पटलं. त्यांनी पदर खोचला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही मान्सं कातळावर घर बांधतायत. त्येंना लायट हवी हाय. मागल्या भितीला मीटर लावू दे, आनि कुनाला शॉक बसू देऊ नको, म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. दीपक जरा मोठ्यानेच म्हणाला.

मग कौल. यमुनाबाईंनी तगरीची ओली कळी भिंतीला चिकटवली. उजवीकडे पडली तर होकार. कळी मात्र कुठेच पडेना. भागोजी दोनदा खोकला, राजाभाऊ घामाघूम झाले. डाव्या हाताला उभ्या असलेल्या कमलाताई "काय बाई उकडतंय" म्हणत पदराने जोरजोरात वारा घेऊ लागल्या. कळी उजवीकडे पडली.

यमुनाबाईंनी कळीकडे पाहिलं, मग कमलाताईंच्या पदराकडे पाहिलं.

"उजवी दिली," त्या म्हणाल्या.

मीटर लागलं, पंप सुरू झाला, पाणी आलं. पण तोवर चैत्र संपला होता. जोतं बांधून होतंय तोच पाऊस लागला, भागोजी भातलावणीला गेला आणि घर जोत्यावरच राहिलं. चतुर्थी जवळ आली तसे राजाभाऊ बायकोची नजर चुकवू लागले. शेवटी एकदा त्यांना राहवलं नाही.

"कमल, माझा शब्द राहिला गं."

"कुठे राहिला? मूर्तिकाराकडे पाट मी केव्हाच दिलाय. कमानीचं माप घेऊन."

चतुर्थीला गणपती घुमटीत बसला. कमानीत अगदी नेमका. राजाभाऊंनी बटण दाबलं, आतला दिवा लागला आणि त्या उजेडात कमलाताईंचे डोळे भरून आलेले दिसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आरती जरा हळू म्हणा असं सांगायला घरमालक नव्हता.

"बगितलंस?" यमुनाबाई राजाभाऊंना म्हणाल्या. "तू म्हनत हुतास, देव न्हाय."

राजाभाऊंनी गणपतीला हात जोडले, आणि मग इकडेतिकडे बघून मागच्या मीटरलाही.